मेंदू कामगाराचा, विद्या कोणाची?

चळवळीच्या अभ्यासशिबिरांत उच्च शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : आधी पोटाचा प्रश्न सुटू द्या, मेंदूचे मग पाहू. वाक्य टाळी घेणारे आहे. ते उच्चारणारा कार्यकर्ता बहुधा प्रामाणिक असतो, त्याच्या डोळ्यांसमोर उपाशी पोर असते, आणि म्हणून त्याला सहसा कोणी अडवीत नाही. पण टाळी घेणारे प्रत्येक वाक्य खरे असतेच असे नाही. हे वाक्य तर ज्यांच्या वतीने उच्चारले जाते त्यांच्याच मुळावर येणारे आहे.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या बापाची मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि पुढे मेंदूचे शास्त्र शिकायचे म्हणू लागली, तर तिला काय सांगायचे? शिक्षिकेची पदविका घे, बँकेच्या परीक्षा दे, परिचारिका हो, असा सल्ला तिला घरचे देतील, गावचे देतील, आणि बहुधा चळवळीतले काकाही देतील. मेंदूचे शास्त्र हे डॉक्टरांच्या मुलांचे आणि परदेशी जाणाऱ्यांचे, असे त्या सर्वांनी मनोमन ठरवून टाकलेले असते. हे ठरविण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला आणि या ठरविण्याने लाभ कोणाचा होतो, हा खरा प्रश्न आहे.

ज्याला इंग्रजीत कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स म्हणतात, त्याला मराठीत बोधात्मक चेताविज्ञान म्हणता येईल. माणूस पाहतो, आठवतो, बोलतो, हिशेब करतो, घाबरतो, निर्णय घेतो, तेव्हा त्याच्या मेंदूत नेमके काय घडते, याचा हा अभ्यास. हे नाव १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ होऊ लागले. पण साधने त्याआधीची आणि नंतरची अशी दोन्ही आहेत. मेंदूतील विद्युत्स्पंदनांचा पहिला मानवी आलेख जर्मनीत हान्स बर्गर याने १९२४ मध्ये घेतला. चुंबकीय यंत्राच्या साहाय्याने, कवटीला हात न लावता, कार्यमग्न मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपण्याची पद्धत १९९० नंतर हाती आली. भारतात या विद्येची आणि तिच्या लगतच्या शास्त्रांची केंद्रे अलीकडच्या काळातील आहेत. हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र १९९९ चे, अलाहाबाद विद्यापीठाचे वर्तन व बोधविज्ञान केंद्र २००२ चे, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील चेताविज्ञान केंद्र २००९ चे. आणि गांधीनगरच्या आय.आय.टी.त बोधविज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. ही सगळी केंद्रे सार्वजनिक पैशावर उभी आहेत. साबणाची वडी विकत घेताना कर भरणारी बाई त्यांची भागीदार आहे. फक्त तिला तसे कोणी सांगितलेले नाही.

हे शास्त्र कोणाच्या मेंदूवर उभे राहिले?

या शास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले तरी त्यात काही माणसे हटकून भेटतात. त्यांचे धंदे पाहण्यासारखे आहेत.

पहिला फिनिअस गेज. १८४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या मजुरांच्या टोळीचा हा मुकादम. सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो जगला, पण त्याचा स्वभाव पालटला, असे त्याच्या डॉक्टराने नोंदविले. मेंदूचा पुढचा भाग माणसाच्या वागण्याशी निगडित असावा, या विचाराला त्या पहारीने चालना दिली.

दुसरा लबोर्न्य. बुटांचे लाकडी साचे घडविणारा फ्रेंच कारागीर. त्याची वाचा गेली आणि 'तां' एवढा एकच ध्वनी तोंडात उरला. १८६१ मध्ये तो मेल्यानंतर पॉल ब्रोका याने त्याचा मेंदू तपासला आणि भाषेच्या उच्चाराशी संबंधित असलेला भाग दाखवून दिला. त्या भागाला जगभर ब्रोकाचे नाव आहे. साचे घडविणाऱ्याचे नाव कोणी लक्षात ठेवीत नाही.

तिसरा हेन्री मोलेसन. कारखान्यात काम करणारा, अपस्माराने गांजलेला अमेरिकन तरुण. १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा एक खोलवरचा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला, आणि त्या दिवसापासून नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. पुढे २००८ मध्ये मरेपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, त्याच्यावर चाचण्या होत राहिल्या. स्मृतीविषयी आज जे ज्ञान आहे त्याचा मोठा भाग त्याच्या या हरवलेपणातून मिळालेला आहे.

आणखी जवळ यावे. लंडनच्या टॅक्सीचालकाला परवाना मिळविण्यासाठी शहराच्या मध्याभोवतीचे सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तीन-चार वर्षे त्यात जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, या चालकांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. ही माणसे मुळातच तशी जन्मली असतील, असा आक्षेप त्यावर घेता येत होता. म्हणून पुढे ७९ उमेदवारांना शिकाऊ असल्यापासून पारखले गेले. त्यांतील ३९ जण परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मेंदूतील वाढ दिसली ती या उत्तीर्ण झालेल्यांत. सुरुवातीला दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे श्रमाने हाताला घट्टे पडतात तसा मेंदूही घडतो. 'हातांनी काम करणारे' आणि 'डोक्याने काम करणारे' अशी जी वाटणी या देशात हजारो वर्षे धर्माच्या नावाने चालली, तिच्या छातीवर याहून मोठा घाव कोणत्या घोषणेने घातला आहे?

शेवटचे उदाहरण आपल्याच मातीतले. लखनौजवळच्या दोन खेड्यांतील तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकविण्यात आले आणि शिकण्याच्या आधी व नंतर त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली. भारतीय व युरोपीय संशोधकांनी मिळून केलेला हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनाने मेंदूच्या केवळ पृष्ठभागात नव्हे, तर आतल्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या समजल्या जाणाऱ्या भागांच्या परस्परसंबंधांतही बदल घडल्याचे त्यांना आढळले. जिला 'आता या वयात काय शिकणार' म्हणून गावाने हिणविले असते, तिच्या मेंदूने सहा महिन्यांत उत्तर दिले. प्रौढशिक्षणाच्या वर्गात कंदील घेऊन गेलेल्या कार्यकर्त्यांच्या पिढ्यांना यापेक्षा मोठी पावती कोणती हवी?

मुकादम, साचेवाला, कारखान्यातला तरुण, टॅक्सीचालक, खेड्यातले निरक्षर. या शास्त्राला मेंदू पुरविला तो यांनी. मग या शास्त्राच्या वर्गात त्यांचीच मुले का दिसू नयेत? खाणीत मजूर आणि पेढीवर मालक, ही व्यवस्था ज्ञानाच्या बाबतीत चळवळीला मान्य आहे काय?

आणि ते आहे कोणाच्या हाती?

ज्याच्या हाती विद्या, त्याच्या सोयीचे तिचे निष्कर्ष, हा अनुभव नवा नाही. ज्या ब्रोकाने साचेवाल्याच्या मेंदूतून भाषेचे स्थान शोधले, त्याच ब्रोकाने कवट्या मोजमापून स्त्रिया आणि कृष्णवर्णीय हे पुरुषांहून व गोऱ्यांहून बुद्धीने कमी, असा निर्वाळा दिला. मोजपट्टी तीच, माणूस तोच. फक्त प्रश्न विचारणारा वरच्या पायरीवर उभा होता. आजही स्थिती फार बदललेली नाही. २०१० मध्ये तीन संशोधकांनी मानसशास्त्रातील प्रयोगांची झाडाझडती घेऊन दाखविले की, प्रयोगांतील ९६ टक्के माणसे ज्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, त्या देशांची लोकसंख्या जगाच्या अवघी १२ टक्के आहे. 'मानवी मन' म्हणून जे शिकविले जाते ते पुष्कळदा अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणाचे मन असते. उसाच्या फडात वाढलेल्या मुलाचे मन त्यात नाही, कारण त्या फडातून कोणी प्रयोगशाळेत पोहोचलेलाच नाही.

बाजाराने मात्र ही विद्या केव्हाच पोहोचवून घेतली. जगातील एका बड्या बाजार-संशोधन कंपनीने मेंदूच्या आलेखांवरून ग्राहकाची आवड हेरणारी संस्था २०११ मध्ये विकत घेतली. २०१८ मध्ये चीनमधील काही कारखान्यांत कामगारांच्या टोप्यांत मेंदूचे आलेख घेणारी संवेदके बसविली गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. कामगाराचा थकवा आणि मनःस्थिती मालकाला कळावी, हा हेतू. घामाचा हिशेब ठेवणारा मुकादम कामगारसंघटनेला ओळखता येतो. उद्या डोक्यातल्या लहरींचा हिशेब ठेवणारे यंत्र दारात आले, तर त्याचे आकडे खरे की खोटे हे संघटनेच्या वतीने कोण सांगणार? मालकाने नेमलेला तज्ज्ञ?

हा प्रश्न काल्पनिक वाटत असेल त्यांनी पुण्याकडे पाहावे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना जन्मठेप सुनावली. त्या निकालात इतर पुराव्यांच्या जोडीला एका तरुण आरोपीच्या मेंदूच्या विद्युत् आलेखाचा आधार घेतला गेला. गुन्ह्याची वाक्ये ऐकविली असता तिच्या मेंदूत 'अनुभवजन्य ज्ञान' उमटले, असा त्या चाचणीचा दावा होता. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी या प्रकाराबद्दल धक्का व्यक्त केला. बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे त्याच वर्षी सांगितले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, आरोपीच्या संमतीवाचून अशा चाचण्या घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे होय, आणि ते घटनेच्या विसाव्या कलमाचे उल्लंघन आहे.

या प्रकरणात आरोपी दोषी की निर्दोष, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, डोक्यावर तारा लावून काढलेल्या आलेखाला पुरावा म्हणून उभे केले जाते, तेव्हा 'हे शास्त्र नव्हे' असे म्हणण्यासाठी त्या शास्त्रात मुरलेला माणूस लागतो. केवळ संतापाने ते काम होत नाही. २००९ मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी एका मेलेल्या माशाला चुंबकीय यंत्रात ठेवून त्याला माणसांची चित्रे दाखविली. संख्याशास्त्राची आवश्यक दुरुस्ती न करता आकडे मांडले, तेव्हा त्या मेलेल्या माशाचा मेंदूही विचार करीत असल्याचे चित्र उमटले. दुरुस्ती केली आणि तो 'विचार' नाहीसा झाला. या विद्येच्या पदव्युत्तर वर्गात शिकविले जाते ते मुख्यतः हेच : प्रयोग कसा रचावा, आकड्यांनी कसे फसू नये, रंगीत चित्राला कसे भुलू नये. डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकविण्याच्या नावाखाली 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग काढून ज्यांनी गावोगावच्या पालकांना हजारो रुपयांना लुबाडले, त्यांचे पितळ उघडे पाडण्याचे शिक्षण ते हेच. ते मिळविण्याचा हक्क ज्यांची फसवणूक होते त्यांना नको, असे कोण म्हणेल?

पोट आणि मेंदू यांची फारकत

आता मूळ वाक्याकडे वळावे. आधी पोट, मग मेंदू. या वाक्यात पोट आणि मेंदू ही जणू दोन निरनिराळ्या माणसांची इंद्रिये आहेत, असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात भुकेचा घाव पोटावर पडतो त्याच वेळी मेंदूवरही पडतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती; पुढारलेला म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती याच पहिल्या वर्षांत. या उपासमारीचे पुढे वर्गात, कामावर, आयुष्यभर काय होते, हे मोजून सरकारपुढे आणि न्यायालयापुढे मांडणारे शास्त्र चळवळीला परके कसे?

तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, त्याच प्रकारच्या बुद्धिचाचण्या. पण कापणीपूर्वी हात रिकामा असताना त्यांची कामगिरी खालावलेली आणि पैसा हाती आल्यावर सुधारलेली आढळली. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर इतर तज्ज्ञांनी शंकाही घेतल्या आहेत, आणि त्या घेतल्या जाव्यात हेच शास्त्राचे लक्षण आहे. पण प्रश्न कोणत्या दिशेने विचारला गेला, हे पाहावे. गरीब हा बुद्धीने कमी म्हणून गरीब, असे शतकानुशतके सांगितले गेले. येथे प्रश्न उलटा झाला : दारिद्र्यच बुद्धीला ग्रासते काय? हा प्रश्न सोलापूरच्या आणि बीडच्या ऊसतोड कामगारांसंबंधी मराठीतून विचारणारा संशोधक त्यांच्याच वस्तीतून का येऊ नये?

असा संशोधक असला तर काय होते, आणि त्याला काय सोसावे लागते, याचे उदाहरण शिशाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन याने बॉस्टनजवळच्या गावांतील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्या दातांत शिसे अधिक, त्या मुलांची बुद्धिचाचणीतील व वर्गातील कामगिरी कमी, असे त्याने १९७९ मध्ये दाखविले. पेट्रोलमधून आणि रंगांतून मुलांच्या मेंदूत शिसे जात होते आणि कंपन्यांचा नफा वाढत होता. उद्योगाच्या बाजूने साक्षी देणाऱ्या तज्ज्ञांनी १९९१ मध्ये त्याच्यावर गैरवर्तनाची तक्रार केली. चौकश्या झाल्या, आणि तो निर्दोष ठरला. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली, जगातून ते २०२१ मध्ये हद्दपार झाले. तरीही जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळणाऱ्या वस्त्यांतली मुले आजही ते श्वासातून घेत आहेत. कारखानदारापाशी वकील आहे. वस्तीपाशी स्वतःचा शास्त्रज्ञ हवा की नको?

जोतिरावांची साक्ष

काही कार्यकर्ते येथे महात्मा फुल्यांचा दाखला देतील. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतिरावांनी सरकारला खडसावले होते की, शेतकऱ्याच्या घामातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते. हा आरोप खरा होता आणि आजही त्याची धार गेलेली नाही. पण त्या निवेदनाचा पुढचा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. उच्च शिक्षण सर्वांच्या सहज आवाक्यात येईल अशी व्यवस्था करावी, प्रवेशपरीक्षेची पुस्तके सरकारी राजपत्रातून छापावीत म्हणजे घरी बसून अभ्यास करणाऱ्यालाही ती मिळतील, अशी मागणी जोतिरावांनी त्याच निवेदनात केली आहे. ते विद्येच्या मक्तेदारीविरुद्ध होते, विद्येविरुद्ध नव्हते. 'तुम्हांला एवढे शिकून काय करायचे?' हा प्रश्न त्यांच्या शत्रूंचा होता. तो चळवळीच्या तोंडी शोभत नाही.

तो प्रश्न सत्तेच्या तोंडी मात्र अजून आहे. २०२३ च्या डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला तेव्हा, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा आशयाचा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला. त्याच वर्षी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी दलित विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले होते. त्याआधी, २०१५ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट परीक्षेवाचून मिळणारी संशोधनवृत्ती बंद करण्याचे ठरविले. ती होती पीएच.डी.साठी महिना आठ हजार रुपये, आणि तेवढ्यासाठी विद्यार्थ्यांना आयोगाच्या दिल्लीतील कार्यालयासमोर रात्री काढाव्या लागल्या. २०२२ च्या डिसेंबरात अल्पसंख्य विद्यार्थ्यांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने बंद केली. देशाच्या एकूण उत्पन्नापैकी संशोधनावर होणारा खर्च २०२०-२१ मध्ये अवघा ०.६४ टक्के होता. दिवे लागत नाहीत याचे कारण तेल कोणी ओतीत नाही हे आहे.

कागदावर दार उघडे आहे, हे खरे. गांधीनगरचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे; कला शाखेचीच असल्याने त्या यंत्रमागवाल्याच्या मुलीला तेथे मज्जाव नाही. पण उंबरठा ओलांडताच काय लागते ते पाहावे. इंग्रजी लागते, कारण एकही प्रमाणग्रंथ मराठीत नाही. संख्याशास्त्र लागते, जे तिच्या महाविद्यालयात उरकून टाकले गेले. संगणकाला आज्ञा लिहिता याव्या लागतात, आणि तिच्या घरी संगणक नाही. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ अधिछात्र झाल्यावर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळू लागले. पण तिथवर पोहोचण्याआधीची एम.एस्सी.ची दोन वर्षे मुख्यतः घरच्या खर्चाने काढावयाची असतात. ज्या घरात मुलीच्या पगाराची वाट पाहिली जाते, त्या घराला ही दोन वर्षे झेपत नाहीत. दाराला कुलूप नाही. दारापर्यंतचा जिनाच मोडून ठेवला आहे, आणि वर उभे राहून गुणवत्तेचे प्रवचन दिले जात आहे.

आपल्या घरातील चूक

सत्ताधाऱ्यांना दोष देताना डाव्या चळवळीने स्वतःचा एक जुना हिशेबही चुकता करावा. १९३१ आणि १९३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हा सोव्हिएट मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला. निरक्षर शेतकरी आणि नुकतेच साक्षर झालेले, सामूहिक शेतीत वावरणारे शेतकरी यांच्या विचार करण्याच्या रीतीत काय फरक पडतो, हे त्याला पाहावयाचे होते. समाज बदलला की मन बदलते, या विचाराची ती पहिली मोठी शास्त्रीय परीक्षा होती. पण मागास जनतेचा हा अपमान आहे, असा ठपका त्याच्यावर आला आणि तो अभ्यास चाळीस वर्षे पडून राहून १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा सहकारी विगॉट्स्की याचे ग्रंथ १९३६ नंतर वीस वर्षे वाचकांच्या दृष्टीआड ठेवले गेले. लुरियाने पुढे महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या सैनिकांना पुन्हा बोलते-लिहिते करण्याच्या कामातून मेंदूशास्त्राचा पाया भक्कम केला. पण श्रमिकांच्या मनाचा अभ्यास श्रमिकांच्या नावाने चालणाऱ्या राज्यातच रोखला गेला, हा डाग पुसता येणार नाही. शास्त्राला आधी निष्कर्ष नेमून द्यायचा आणि मग शोध लावायला सांगायचे, ही रीत ब्रोकाची होती. ती लाल शाईने लिहिली म्हणून पवित्र होत नाही.

म्हणून चळवळीने या मुलीकडून पक्षाच्या सोयीच्या निष्कर्षांची अपेक्षा ठेवू नये. तिने प्रश्न आपल्या वस्तीतून घ्यावेत आणि उत्तरे प्रयोगशाळेतून, मग ती कोणालाही टोचोत. एवढे स्वातंत्र्य तिला देण्याची तयारी नसेल, तर तिला शिकविण्याच्या गप्पाही मारू नयेत.

मागण्या साध्या आहेत. बोधविज्ञान आणि चेताविज्ञान यांच्या सार्वजनिक संस्थांत एम.एस्सी.लाही निर्वाहापुरती शिष्यवृत्ती मिळावी, आणि ती दरमहा, ठरल्या तारखेला मिळावी. भारतीय भाषांतून पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी संख्याशास्त्र, संगणक आणि इंग्रजी यांचा एक वर्षाचा सवेतन पायाभूत वर्ग असावा. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी या विषयाची पाठ्यपुस्तके मराठीत सिद्ध करावीत. जोतिरावांनी १८८२ मध्ये राजपत्रातून मागितली ती पुस्तके आज एका कळीसरशी गावोगाव पोहोचू शकतात. तेव्हा सबब उरलेली नाही. आणि कामावर वा पोलीस कोठडीत माणसाच्या मेंदूचे आलेख त्याच्या मुक्त संमतीवाचून घेता येणार नाहीत, असा स्पष्ट कायदा असावा. चिली या देशाने २०२१ मध्ये आपल्या घटनेत दुरुस्ती करून मेंदूतील हालचालींना आणि त्यांच्या नोंदींना संरक्षण दिले. भारताने त्याहून मागे राहण्याचे कारण नाही.

सरकारकडे मागण्यांचे कागद जातीलच. पण एक गोष्ट सरकारच्या उत्तराची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. तालुक्याच्या गावी चळवळीची वाचनालये आहेत, संघटनांच्या कचेऱ्या आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. कोठे गणिताचा माणूस आहे, कोठे संगणक येणारा तरुण आहे. संध्याकाळी दोन तास संख्याशास्त्राचा आणि इंग्रजीचा वर्ग चालविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पूर्वी रात्रशाळा चालल्या त्या याच बळावर.

पुढच्या वेळी इचलकरंजीची, मालेगावची किंवा भिवंडीची एखादी मुलगी दारात येऊन म्हणाली की तिला मेंदूचे शास्त्र शिकायचे आहे, तर तिला पोटाची आठवण करून देऊ नये. ती तिला रोजच असते. तिला प्रवेशपरीक्षेची तारीख सांगावी, अर्जाचे पैसे जमवून द्यावेत, आणि तिच्या बापाशी बोलायला कोणीतरी जावे.